वाचक विचारतात : सरळ वाट, आडवाट आणि चित्रांच्या खुणा

बाजूने दिसणाऱ्या आणि पात्र चालेल तसा पडदा डावी-उजवीकडे सरकत जाणाऱ्या साहसी व्हिडिओ गेमविषयी, म्हणजे खेळणारे ज्यांना ‘साइड-स्क्रोलर’ म्हणतात त्यांच्याविषयी, गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावांचा उल्लेख केला आहे. काही पत्रे लांब होती. त्यांतला प्रश्नापुरता भाग तेवढा घेतला आहे.

प्रश्न : माझे वय ४८ आहे. शाळेत असताना टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर कॅसेट घालून मारिओ खेळलो, त्यानंतर थेट गेल्या महिन्यात मुलाच्या कन्सोलवर ‘लिंबो’ आणि ‘इनसाइड’ हे दोन गेम पूर्ण केले. दोन्ही मला फार आवडले. मुलगा मात्र म्हणतो, “बाबा, यात नुसतं उजवीकडे चालत राहायचं असतं. शोधण्यासारखं काहीच नाही.” वाट एकरेषीय असणे हा गेमचा दोष मानावा का? (सोलापूर)

उत्तर : चिरंजीवांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. बाजूने दिसणाऱ्या जगाला खोली नसते, त्यामुळे पात्राला डावे-उजवे आणि वर-खाली एवढेच चलन उरते, आणि रचनाकाराच्या हाती आपसूकच एक मोठी सत्ता येते : कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी दिसावी, हे तो ठरवू शकतो. ती सत्ता कोणी पुरेपूर वापरतो, कोणी जाणूनबुजून सोडून देतो. दोन्हींतून उत्तम गेम झाले आहेत आणि दोन्हींतून कंटाळवाणे गेमही झाले आहेत.

आपण लहानपणी खेळलेलेच उदाहरण घेऊ. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पडदा एकदा पुढे सरकला की त्याची डावी कड भिंत होऊन बसते, मागे राहिलेली वीट किंवा नाणे कायमचे मागे राहते. इतकी कडक शिस्त असल्यामुळेच पहिल्या लेव्हलच्या पहिल्या दोन पडद्यांत एक अक्षरही न लिहिता बरेच काही शिकवता आले. मारिओ डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणजे जायचे कुठे हे कळलेच. समोरून येणारा पहिला शत्रू टाळायचा असतो हे एकदा मेल्यावर कळते. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेले मशरूम उजवीकडे घरंगळते, नळाला आपटते आणि उलट फिरून आपल्याकडेच येते. शत्रू समजून त्याला चुकवू पाहणाऱ्यालाही ते बहुधा लागतेच, आणि लागल्यावर मारिओ मोठा होतो. खेळणारा याआधी काय पाहून आला आहे आणि काय पाहून आलेला नाही, याची खात्री असल्याखेरीज असा धडा रचता येत नाही.

आणि तरीही त्या गेममध्ये शोध नव्हता असे कोण म्हणेल? दुसऱ्या, जमिनीखालच्या लेव्हलमध्ये छताच्या विटांवर चढून, बाहेर पडायची जागा ओलांडून तसेच पुढे पळत गेले की तीन नळ सापडतात आणि थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात पोचता येते, हे ज्या दिवशी आपल्याला कळले असेल तो दिवस आपल्या लक्षात असणार. गल्लीतल्या एका मुलाला ते ठाऊक असे आणि बाकीचे त्याच्या मागे लागत. वाट जितकी सरळ आणि पक्की, तितकी तिच्यातली फट सापडल्याची मौज मोठी असते.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्याच निन्टेन्डो कंपनीच्या ‘मेट्रॉइड’ने नेमके उलटे केले. सवयीने खेळणारा उजवीकडे निघतो आणि थोड्याच वेळात अशा बुटक्या बोगद्यापाशी अडतो, की जिथून उभ्या माणसाला जाताच येत नाही. चेंडूसारखे गोल होऊन घरंगळण्याची शक्ती सुरुवातीच्या जागेच्या डाव्या बाजूला ठेवलेली असते. पहिला धडाच ‘मागे फिरा’ असा आहे. त्या काळात तो किती चक्रावून टाकणारा वाटला असेल, याची आज कल्पना येणे कठीण आहे. जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की मोकळ्या भटकंतीची कल्पना काही मेट्रॉइडने जन्माला घातली नाही. १९८२ च्या ‘पिटफॉल’मध्ये डेव्हिड क्रेन यांनी २५५ पडद्यांचे जंगल उभे केले होते; त्यात दोन्ही दिशांना जाता येई, जमिनीखालच्या भुयारातून तीन-तीन पडदे ओलांडता येत आणि २० मिनिटांत ३२ खजिने गोळा करायचे असल्यामुळे कुठून जायचे याचा विचार आधीच करावा लागे. हे सारे ४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवले होते.

आता ‘लिंबो’कडे वळू. डेन्मार्कच्या प्लेडेड या संस्थेने २०१० मध्ये केलेल्या या गेममध्ये नकाशा नाही, गुण नाहीत, संवाद नाहीत. आपण तो पूर्ण केला असल्यामुळे कोळ्याविषयी बोलायला हरकत नाही. (ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) सुरुवातीला तो अजस्र कोळी झाडाआड पाय रोवून बसलेला दिसतो तेव्हा त्याच्यापुढे आपण किडामुंगी असतो, नंतर तो आपल्याला जाळ्यात गुंडाळतो, पाठलाग करतो, त्याचे पाय एकेक करून निकामी होतात, आणि शेवटी उरलेला पाय आपणच उपटून त्याचे धड ढकलत नेऊन पलीकडे जाण्यासाठी पायरीसारखे वापरतो. त्या क्षणी सुटकेपेक्षा ओशाळलेपण अधिक वाटते. या भेटी कोणत्याही क्रमाने होऊ शकल्या असत्या, किंवा दोन भेटींच्या मध्ये खेळणारा तासभर नाणी वेचत हिंडून आला असता, तर हा चढ आणि ही उतरण दोन्ही हरवली असती. सरळ वाट येथे भीती साठवून ठेवण्याच्या कामी आली आहे.

सरळ वाटेचा दोष कुठे सुरू होतो हेही सांगतो. क्रम आहे पण क्रमातून काही वाढत नाही, दहाव्या खड्ड्यावरची उडी पहिल्या खड्ड्यासारखीच आहे, केवळ शत्रूंची संख्या फुगवली आहे, अशी बोळासारखी लेव्हल जिथे येते तिथे आपल्या मुलाचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. ‘इनसाइड’विषयी मात्र त्याची माहिती अपुरी आहे. २०१६ च्या त्या गेममध्ये आडबाजूला लपवलेले प्रकाशगोल आहेत आणि ते सारे निकामी केल्यास वेगळाच शेवट पाहायला मिळतो. त्याने ते शोधून दाखवावेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘हॉलो नाइट’ हा गेम मी तीन वेळा सुरू केला आणि तीनही वेळा सोडला. सगळे त्याची स्तुती करतात, पण मला त्यात अक्षरशः चकवा लागतो : पुन्हापुन्हा त्याच जागी येतो, नकाशा मिळत नाही, आणि मेलो की जमवलेले पैसेही जातात. यूट्यूबवर वाट पाहून खेळलो तर मित्र त्याला फसवणूक म्हणतात. इतके हरवायला लावणे ही रचनाकारांची चूक नव्हे काय? (पुणे)

उत्तर : चकवा हा शब्द आपण अगदी नेमका वापरला आहे, कारण येथे तो मुद्दाम लावलेला आहे. ‘हॉलो नाइट’ ज्या घराण्यातला आहे त्याला ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणतात. वर उल्लेख आलेला ‘मेट्रॉइड’ आणि १९९७ चा ‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ यांच्या नावांची ती जोड आहे. या घराण्याचा मूळ डाव कुलूप-किल्लीचा आहे. १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये दारांचे रंगच सांगत, की हे दार कोणत्या शस्त्राने उघडेल. पण रंगीत दार ही साधी किल्ली झाली. खरी गंमत तेव्हा येते, जेव्हा किल्ली ही पात्राच्या अंगातलीच एखादी हालचाल असते. ‘हॉलो नाइट’मध्ये भिंतीला धरून चढण्याची शक्ती मिळाली, की ज्या उंच कपारीखालून आपण वीस वेळा मान खाली घालून गेलो तीच कपार दार होते. जग बदललेले नसते, त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर बदललेली असते. म्हणून हे गेम बोटांच्या चपळाईइतकीच, किंबहुना तिच्यापेक्षा थोडी अधिकच, जागेच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतात. ज्याला डोक्यात जागा साठवण्याची सवय नाही त्याला ते आरंभी छळवाद वाटतात, आणि यात आपली काही कमतरता आहे असे मुळीच समजू नये.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातील टीम चेरी या अगदी छोट्या चमूने २०१७ मध्ये आणलेल्या या गेममध्ये नकाशाचीच एक छोटी गोष्ट करून टाकली आहे. नव्या प्रदेशात शिरताना हाती काहीच नसते. मग कुठेतरी जमिनीवर कागद विखुरलेले दिसतात, कोणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येतो, त्या आवाजाच्या रोखाने गेले की कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा बसलेला सापडतो आणि अर्धामुर्धा नकाशा विकतो. उरलेला भाग आपण हिंडू तसा भरायचा, पण त्यासाठी त्याच्या बायकोच्या दुकानातून लेखणी विकत घ्यावी लागते. आणि भरलेला भागही आपण एखाद्या बाकावर बसून विसावा घेतल्यावरच कागदावर उमटतो. आपण स्वतः नकाशावर कुठे आहोत हे दिसावे म्हणून होकायंत्राचा ताईत वेगळा, आणि तो अंगावर ठेवला की दुसऱ्या ताइताची जागा अडते. प्रत्येक सोयीला किंमत आहे. त्यामुळे कागदांचा तो पहिला तुकडा दिसताच जो जीवात जीव येतो, तो नकाशा आयता मिळणाऱ्या गेममध्ये कधीच येत नाही.

ही चूक आहे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की हरवणे ही चूक नाही, पण दुकानातली लेखणी आणि होकायंत्र यांचे महत्त्व नवख्या खेळणाऱ्याला पुरेसे समजत नाही, एवढी त्रुटी मी मान्य करीन. चौथ्या खेपेला पहिल्या पैशातून त्याच दोन वस्तू घ्या. एका वेळी एकच प्रदेश हिंडा आणि बाक सापडल्याशिवाय दुसऱ्या प्रदेशाच्या तोंडाशी रेंगाळू नका. मेल्यावर जी आपली काळी सावली मागे राहते, तिला हरवले की गेलेले पैसे परत मिळतात हे खरे. पण ती अडचणीच्या जागी असेल तर ते पैसे बुडीत खाती टाकून वेगळ्या दिशेने निघणेच शहाणपणाचे असते, कारण बहुतेक लोक त्या सावलीच्या मागे तीच वाट दहादा तुडवतात आणि मग आपल्याला चकवा लागला असे म्हणतात. आणखी एक, जुन्या पद्धतीचा उपाय : शेजारी वही ठेवा. ‘हिरव्या प्रदेशात डावीकडे उंच कपार, पोचता आले नाही’ एवढी एक ओळ आठवड्याने फार उपयोगी पडते.

वहीचे हेच काम गेमच्या आत आणण्याची एक सुंदर युक्ती जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’मध्ये पाहायला मिळाली. अडलेल्या जागेचे चित्र तिथल्या तिथे टिपून ते नकाशावर डकवता येते, म्हणजे पुढे नवी शक्ती मिळाल्यावर कोणत्या कोपऱ्यात काय अडले होते हे नुसत्या नकाशावरून नजर फिरवताच आठवते. शिवाय पुढचे ठिकाण नकाशावर दाखवणारी एक रीत आणि काहीच न दाखवणारी दुसरी रीत, यांत खेळणाऱ्याला निवड करता येते. माझ्या मते या घराण्यात बऱ्याच वर्षांत झालेली ही सर्वांत कामाची सुधारणा आहे, कारण तिने कोडे सोपे केले नाही, केवळ विसरण्याची शिक्षा कमी केली. आपण आधी हा गेम खेळून मग ‘हॉलो नाइट’कडे परतलात तरी चालेल.

यूट्यूबविषयी. एखाद्या ठिकाणी दोन संध्याकाळी वाया गेल्यावर तेवढ्यापुरते पाहून घेणे यात कसली आली फसवणूक? मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्याने दाखवलेल्या वाटेने चालत गेलात, तर आपल्या हाती एक सरळ वाटेचा गेम उरतो, आणि तोही वाईट रचलेला; कारण ‘लिंबो’त क्रम ठरवताना कोणीतरी विचार केला होता, तसा या क्रमाचा विचार कोणीच केलेला नसतो. मित्रांना हवे तर एवढेच सांगा.

मोकळ्या गेममध्येही सरळ वाटेचे पट्टे असतात, हे मागच्या सोलापूरच्या पत्राच्या संदर्भातही सांगण्यासारखे आहे. २०१५ च्या ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’मध्ये आपण जंगलभर हवे तसे हिंडत असतो, प्रगती जपून ठेवण्याची जागाही आपणच निवडत असतो, आणि मग एका प्रचंड झाडाच्या पोकळ खोडातून खालून पाणी चढू लागते. तिथे थांबणे नाही, मागे फिरणे नाही, वाटेत प्रगती जपून ठेवणे नाही. फक्त वर, वर आणि वर. तासन्‌तास मिळालेल्या मोकळिकीनंतर ती अचानक काढून घेतल्यामुळेच त्या दोन-तीन मिनिटांत तळहाताला घाम फुटतो.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. विद्यार्थी मला ‘ओरी’, ‘ग्रिस’ अशा गेमची दृश्ये दाखवतात. चित्रे अप्रतिम असतात, परंतु मी खेळायला बसले की उभे राहायची जागा कोणती आणि नुसती शोभेची फांदी कोणती, हे मला कळत नाही. या गेममध्ये चित्रशैलीला काही काम असते, की ती केवळ सजावट असते? (कोल्हापूर)

उत्तर : आपल्याला जे अवघड वाटले तेच या गेमच्या चित्रकारांचे रोजचे डोकेदुखीचे काम आहे. सुरुवातीच्या काळात हा प्रश्न एका अर्थी यंत्रानेच सोडवून टाकला होता. निन्टेन्डोच्या त्या जुन्या यंत्रावर पडदा २५६ गुणिले २४० ठिपक्यांचा होता आणि पार्श्वभूमी ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या लहान फरश्या शेजारीशेजारी बसवून तयार होत असे. जागा इतकी कमी, की मारिओमधला ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे; एकीकडे पांढरा रंग, दुसरीकडे हिरवा. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा ते लक्षात येईल आणि मग कायम दिसत राहील. पण त्या काटकसरीचा फायदा असा होता, की जी वीट दिसते तिच्यावर उभे राहता येते, हे खेळणाऱ्याला एकदा कळले की संपूर्ण गेमभर पुरत असे. चित्र म्हणजेच नियम होता.

हाताने रंगवलेल्यासारखी दृश्ये यंत्रांना पेलू लागली तेव्हा तो करार मोडला. आता प्रत्येक फांदी वेगळी, प्रत्येक दगडावर शेवाळ, आणि त्यांतल्या निम्म्या गोष्टी शोभेच्या. चित्रकारांनी यावर काढलेले उपाय आपण वर्गात शिकवता तेच आहेत, फक्त येथे ते पात्राच्या जिवाशी बांधलेले आहेत. डोळे किलकिले करून चित्रातले उजेड-अंधाराचे डाग पाहायला आपण मुलांना सांगत असाल. ‘ओरी’चे कोणतेही दृश्य तसे पाहा. मागची झाडे धुक्यात विरलेली आणि फिकी असतात, अगदी पुढच्या फांद्या जवळजवळ काळ्या असतात, आणि ज्या थरावर चालायचे त्याच्या कडा त्या दोन्हींपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. नायक स्वतःच शुभ्र प्रकाशाचा असल्यामुळे गर्दीतही हरवत नाही. हे थर वेगवेगळ्या वेगाने सरकवले, म्हणजे मागचे हळू आणि पुढचे भरभर, की सपाट चित्राला खोलीचा आभास येतो. एसटीच्या खिडकीतून जवळची बाभूळ झपकन मागे जाते आणि दूरचा डोंगर बराच वेळ सोबत करतो, तसेच हे. १९८२ च्या ‘मून पट्रोल’मध्ये ही युक्ती होती आणि आजही तीच चालू आहे. नजर एकदा त्या वेगाला सरावली की आपल्याबरोबर सरकणारा थर हाच आपला, हे न सांगता कळू लागते. पहिल्या अर्ध्या तासात ते कळत नाही, आणि आपण बहुधा तिथेच उठलात.

‘लिंबो’त याची उलट बाजू दिसते. तिथे सारेच काळ्या छायेत आहे : मुलगा, जमीन, गवत आणि गवतातला लोखंडी सापळा. मुलाचे दोन पांढरे डोळे तेवढे चमकतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांच्या छायाखेळातल्या चामड्याच्या बाहुल्या आपण पाहिल्या असतील, तर छायेच्या चित्रात सगळी मदार बाह्यरेषेवर असते हे वेगळे सांगायला नको. ‘लिंबो’चे चित्रकार ती बाह्यरेषा कधी ठळक ठेवतात आणि कधी मुद्दाम गवतात बुडवतात. सापळा दिसत नाही, मुलगा मरतो, मग दिसतो. काहींना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही, कारण मेल्यावर अवघी काही पावले मागून पुन्हा सुरुवात होते. ती सवलत नसती तर मीही अन्यायच म्हटले असते.

रंगाचे तिसरे काम दिशादर्शनाचे. ‘हॉलो नाइट’मध्ये हिरव्या वेलींचा प्रदेश, निळ्या पावसात भिजणारे शहर आणि गुलाबी स्फटिकांचा डोंगर यांत कोठेही पाटी न वाचता आपण कुठे आहोत ते कळते, नकाशा हातात नसताना रंग हाच पत्ता असतो. पुण्याच्या पत्रलेखकाने याकडे लक्ष दिले तर त्याचा निम्मा चकवा उतरेल.

‘ग्रिस’विषयी माझे मत थोडे वेगळे आहे. बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओने २०१८ मध्ये केलेल्या या गेमची चित्रकल्पना कॉनराड रोसेट या चित्रकाराची आहे. आरंभी जग रंगहीन असते. मग लाल, हिरवा, निळा आणि पिवळा असे रंग एकामागून एक परत येतात, आणि प्रत्येक रंगाबरोबर जगातल्या काही गोष्टी नव्याने उमटतात. त्यात मरण नाही. दृश्य कधी इतके दूर जाते, की नायिका जलरंगातल्या एखाद्या थेंबाएवढी उरते. दुःखातून सावरण्याची गोष्ट रंगांच्या क्रमाने सांगणे ही फार मोठी कल्पना आहे. पण कोडी तिच्या मानाने पातळ आहेत, आणि काही ठिकाणी आपण खेळत नसून प्रदर्शनाच्या दालनातून चालत आहोत असे वाटते. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र मी आधी हाच दाखवीन, कारण रंग आल्यामुळे जागेचा अर्थ कसा बदलतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

प्रश्न : आमच्या पिढीने संगणकावर पहिल्यांदा खेळलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ साइड-स्क्रोलर म्हणता येईल का? त्यात पडदा सरकत नसे. (ठाणे)

उत्तर : काटेकोरपणे म्हणता येणार नाही. जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ च्या मूळ गेममध्ये एका लेव्हलला जास्तीत जास्त २४ खोल्या असत आणि राजकुमार कडेला पोचला की आख्खा पडदा बदलून पुढची खोली येई. पण खेळण्याच्या अनुभवात सरकत्या पडद्याशी त्याचे नाते इतके जवळचे आहे, की त्याला या पंगतीतून उठवण्याचे पाप मी करणार नाही. उलट त्या कापलेल्या पडद्यांमुळेच पुढच्या खोलीत काय आहे हे न दिसता उडी मारण्याची धास्ती निर्माण झाली. ओळखीच्या एका कार्यालयात संध्याकाळी सहानंतर आम्हां मुलांना बसू देत, पुढच्या पडद्यावरचे सुळे पाठ असलेला मुलगा शेजारी उभा राहून “आता हळू, हळू!” असे ओरडत असे.

वाटेच्या दृष्टीने तो मधल्या जातीचा आहे. लेव्हलींचा क्रम ठरलेला, पण प्रत्येक लेव्हल हा भूलभुलैया, आणि डोक्यावर ६० मिनिटांची मर्यादा. हिंडायची मुभा आहे, हिंडायला वेळ नाही. राजकुमाराची ती खऱ्या माणसासारखी चाल मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला आणि उड्या मारायला लावून, ते चित्रण पडद्यावर एकेका आकृतीत उतरवून साधली होती. आरशातून बाहेर पडणारी सावली आपल्याला आठवत असेल. नव्या शत्रूसाठी संगणकाच्या स्मृतीत जागाच उरली नव्हती, म्हणून राजकुमाराच्याच आकृत्या बदललेल्या रूपात वापरून ती केली गेली. शेवटी तिच्याशी लढलो तर घाव आपल्यालाच बसतात आणि तलवार म्यान केली की ती आपल्यात मिसळून जाते.

प्रश्न : माझी मुलगी दहावीनंतर ॲनिमेशन शिकणार आहे. पिंगुळीच्या चित्रकथीच्या शैलीत साइड-स्क्रोलर करायचा असे तिच्या मनात आहे. आपल्याकडच्या चित्रपरंपरेतून कोणी असा गेम केला आहे का, आणि तिने सुरुवात कशी करावी? (कुडाळ)

उत्तर : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा २०२० मधला ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ तिने अवश्य पाहावा. तो साइड-स्क्रोलर नाही, त्याचे जग त्रिमितीय आहे. पण कॅमेरा खेळणाऱ्याला फिरवता येत नाही, वाट जवळजवळ सरळ आहे, आणि त्यामुळे प्रत्येक दृश्याची चौकट रचनाकारांनी चित्रासारखी बांधली आहे. राजस्थानी वास्तूंचा ठसा त्यात जागोजागी दिसतो आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. हाणामारीचा भाग मला साधारण वाटला. चौकटी मात्र शिकण्यासारख्या आहेत.

चित्रकथीविषयी एक गोष्ट तिच्या लक्षात आणून द्यावी. चित्रकथी कलावंत एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, त्या प्रसंगाचे गायन-कथन करतो आणि मग पुढचे चित्र घेतो. ते गुंडाळी उलगडत जाणारे लांबलचक चित्र नव्हे. म्हणजे तिच्या मनातल्या गेमला सरकता पडदा नैसर्गिक नाही, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’सारखा पानागणिक बदलणारा पडदा अधिक शोभेल. आकृत्या बाजूने रेखलेल्या, डोळे मोठे, मागे खोलीचा आभास जवळजवळ नाही, हे तिच्या पथ्यावरच पडणार आहे, कारण कोल्हापूरच्या शिक्षिकांना पडलेला शोभेच्या फांदीचा प्रश्न येथे फारसा उद्भवणार नाही.

सुरुवातीला ‘गोडो’ हे संगणकावर गेम तयार करण्याचे मोफत साधन पुरेसे आहे. तिने फक्त तीन पाने करावीत : पहिल्या पानावर एक उडी, दुसऱ्यावर तीच उडी पण खाली पाणी, तिसऱ्यावर पुन्हा पहिल्या पानाकडे जायला लावणारी एखादी वस्तू. रंग भरण्याआधी ही पाने काळ्या-पांढऱ्यात घरातल्या कोणालातरी खेळायला द्यावीत आणि स्वतः गप्प बसून पाहावे. आणि पिंगुळी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या कलावंतांकडे जाऊन, त्यांची परवानगी आणि मोबदला आधी ठरवून, मग रेषा उचलावी.